नकटा

डोरीनबाई केअर होममध्ये गेल्या तेव्हा
कुंड्या लेकीला दिल्या, पियानो चर्चला
आणि ग्रेव्ही आम्हाला.
‘तुमच्या घरातून फोडणीचा वास येतो,’ म्हणाल्या,
‘त्याला आवडेल.’
वास. त्याला.

फ्रेंच बुलडॉग, समज फक्त यॉर्कशरची.
कपाळावर घड्या, चपटं तोंड,
कुणी ओली कणीक भिंतीवर मारावी तसं.
नाकपुड्या म्हणजे दोन स्वल्पविराम.
वृंदा पहिल्याच दिवसापासून त्याला रस्सा म्हणू लागली.
आई फोनवर हसली: नकटं व्हावं, पण धाकटं होऊ नये.
मी चौघांत धाकटा.
म्हटलं, चला, जोडी जमली.

तो घोरायचा.
बसून घोरायचा, जागेपणी घोरायचा,
पाणी पिता पिता घोरायचा.
मी व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला.
मिरजेहून सतरा हसरे चेहरे आले.
कुणी विचारलं नाही, मीही नाही,
झोपेत नसलेला प्राणी घोरतो कसा.

जेवणाचंही तेच.
ताटली चाटूनपुसून साफ, आणि पाच मिनिटांत
सगळं परत गालिच्यावर,
न चावलेलं, वर पांढरा फेस.
आम्ही अधाशी म्हणायचो.
उकडलेली कोंबडी झाली, भात झाला, ताटली स्टुलावर चढली.
वृंदा भाजलेला ओवा घेऊन आली, तेवढी मी अडवली.

मग जुलैतला तो रविवार.
हॅलिफॅक्सला ऊन येतं पाहुण्यासारखं, टेकायला.
त्या दिवशी मुक्कामालाच आलं.
जुन्या गिरणीमागचा दगडी चढ. अर्ध्यावर तो बसला.
बाकावरची बाई म्हणाली, ‘बघा कसा हसतोय!’
जीभ जांभळी होत होती, बाई.
उचलला आणि धावलो.
अकरा किलो,
आणि छातीत अडकलेली एक शिट्टी.

डॉक्टर ओल्ड्रॉइड कॉलेजातली वाटावी एवढी लहान.
तिने पाकिटाच्या मागे चित्र काढलं.
माणसांनी कवटी आखूड केली,
आतलं सामान होतं तेवढंच राहिलं.
टाळू लांब, जीभ जाड, वाट बोळकांडीएवढी.
‘हा श्वास घेत नाही, ओढतो.’
विहिरीतून पोहरा ओढावा तसा
(पोहरा माझा, ती पंप म्हणाली)
‘आणि इतक्या जोराने
की जठरही वर सरकतं, छातीत.’

म्हणजे गालिच्यावरचं ते सगळं
हवेची किंमत होती.
रोज दोन वेळचं जेवण मोजून
तो श्वास विकत घेत होता,
आणि मी हातात फडकं घेऊन
त्याला ओरडत होतो.

विम्याच्या अर्जात रकाना: आजार कधीपासून?
लिहिलं, जन्माच्या आधीपासून.
कुणाला तरी मांडीवर
तान्ह्या बाळासारखं तोंड हवं होतं, तेव्हापासून.
अर्ज परत आला.
तारीख लिहा म्हणे.

नाकपुड्या रुंद केल्या, टाळूचा लोंबता भाग छाटला.
दहा दिवस मऊ गोळे, हातावरून.
नाकावर खपली, गळ्यात प्लॅस्टिकचं नरसाळं,
दारांना धडकत घरभर.
पोट अजून कधीमधी फितूर होतं.
घोरणं आहेच थोडं,
वृंदा म्हणते तेवढं तुझंही आहे.

पण आज सकाळी
डोरीनबाईंच्या फाटकाशी तो थांबला.
खांबाला नाक टेकवलं.
तोंड मिटलेलं होतं. त्याचं तोंड मिटलेलं
मी कधी पाहिलंच नव्हतं.
दोन मिनिटं, पाच, सात.
कोल्हा, शेजारची मांजर, पोस्टमन,
कोण कोण येऊन गेलं या खांबाशी,
चार वर्षांची थकलेली टपाल
एका बैठकीत वाचत असावा.

कोपऱ्यावर माझी बस आली, थांबली, गेली.
मी पट्टा आणखी सैल सोडला.